झेब्रा आणि इंद्रधनुष्य: पट्टे सारखे, खाते वेगळे

परदेशातल्या एखाद्या शहराने चौकात सहा रंगांचं इंद्रधनुषी क्रॉसिंग रंगवलं की त्याचा फोटो फिरत फिरत आपल्याकडच्या ग्रुपांवर येतोच. खाली दोन ठरलेल्या प्रतिक्रिया असतात. एक म्हणतो, "आधी खड्डे बुजवा, मग रंगरंगोटी करा." दुसरा म्हणतो, "अरे भाऊ, झेब्राच आहे तो, नुसता रंगीत. लोकांच्या सुरक्षेसाठीच आहे." भांडतात दोघं, पण चूक एकच करतात: दोघंही झेब्रा क्रॉसिंग आणि इंद्रधनुषी क्रॉसिंग एकाच तराजूत टाकतात.

झेब्रा हे वाहतुकीचं साधन आहे, सिग्नलच्या खांबाइतकंच. त्यात आवडीनिवडीला जागा नाही. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी ३५ या संहितेत त्याची मापं दिलेली आहेत: पट्टा ५० सेंटिमीटरचा, क्रॉसिंगची रुंदी साधारण २ ते ४ मीटर. रात्री कधी नागपुरात सीताबर्डीवर हे काम चालू दिसलं तर दोन मिनिटं थांबून बघा. बॉयलरमध्ये थर्मोप्लास्टिक, म्हणजे उष्णतेने वितळणारा रंग, वितळवतात, साच्याच्या ढकलगाडीने त्याचा २.५ मिलिमीटर जाडीचा पट्टा ओढतात आणि तो गरम असतानाच वर काचेचे बारीक मणी भुरभुरतात. चौरस मीटरला २५० ग्रॅम हे त्याचं सरकारी प्रमाण. हेडलाइटचा उजेड या मण्यांवरून उलटा ड्रायव्हरच्या डोळ्यांत येतो आणि अंधारातही पट्टा उठून दिसतो. पैसा मोजायचा तो या उठून दिसण्याचा. नागपुरात तर जिकडेतिकडे सिमेंट रस्ते, आणि पांढुरक्या सिमेंटवर पांढरा पट्टा भर दुपारी हरवतो. मग मधल्या जागेत काळा रंग भरावा लागतो. तो काळा शोभेचा नसतो.

इंद्रधनुषी क्रॉसिंगचं काम निराळं. समलिंगी, तृतीयपंथी लोक ज्या वस्तीत वर्षानुवर्षं राहिले, तिथे शहराने त्यांचं इंद्रधनुषी निशाण रस्त्यावर काढून जाहीरपणे 'तुम्ही आमचे' म्हणण्याची ती एक रीत आहे. वेस्ट हॉलिवूडने २०१२ मध्ये, व्हँकुव्हरने डेव्ही स्ट्रीटवर २०१३ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने कॅस्ट्रो भागात २०१४ मध्ये ती रंगवली. तिची जात आपल्याकडच्या स्वागत कमानीची: कमानीने रहदारी सुधारली का, असं कोणी विचारत नाही; ती कुणासाठी, कुणी, कुणाच्या पैशाने उभारली, हे विचारतात.

गल्लत होते ती पुढे. बऱ्याच शहरांत दोन्ही बाजूंच्या पांढऱ्या रेघा कायम ठेवून मधे रंग भरतात. म्हणजे एकाच जागेवर दोन वस्तू आल्या, आणि बिल मात्र एकच निघतं. अमेरिकेच्या फेडरल हायवे प्रशासनाचा भडक रंगांवर जुना आक्षेप हाच, की पांढऱ्या रेघेचा उठाव त्यामुळे मरतो. दुसऱ्या बाजूला ब्लूमबर्ग फिलान्थ्रपीज या संस्थेच्या २०२२ च्या अभ्यासात रस्त्यावर चित्रं काढलेल्या १७ ठिकाणी पादचारी-सायकलस्वारांचे अपघात ५० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. पण तो अभ्यास रस्त्यावरच्या सगळ्या तऱ्हेच्या चित्रांचा होता. तो आकडा उचलून सहा पट्ट्यांना चिकटवणं बरोबर नाही. (तिसरा एक प्रकार म्हणजे थ्रीडी झेब्रा, लांबून उंचवट्यासारखा भासणारा. आपल्याच खासदारांनी, नितीन गडकरींनी, २०१६ मध्ये असे आभासी गतिरोधक करून पाहत असल्याचं ट्विट केलं होतं. तो ड्रायव्हरला चकवण्याचा खेळ, आणि रोजच्या ऑटोवाल्याला किती दिवस चकवणार?)

खर्चाचं बोलायचं तर सिडनीचं उदाहरण बोलकं आहे. २०१३ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर तात्पुरतं क्रॉसिंग रंगवायला सुमारे ६५ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर लागले. सुरक्षेचं कारण देत राज्य सरकारने ते खरवडून काढलं, त्याला आणखी ३० हजार. चिडलेल्या लोकांनी फुकटच्या खडूने गल्लोगल्ली इंद्रधनुष्यं काढली, आणि २०१९ मध्ये जवळच टेलर स्क्वेअरला कायमचं क्रॉसिंग आलं. अमेरिकेत सिएटलला २०१५ मध्ये ११ क्रॉसिंग ६६ हजार डॉलरांत झाली. अटलांटाला २०१७ मध्ये एका चौकाला १ लाख ९६ हजार डॉलर लागले. त्यामुळे 'एवढा खर्च येतो' असा एक आकडा तोंडावर फेकणाऱ्याचं मी ऐकत नाही.

नागपुरात देखभालीचा हिशेब तर आणखी वेगळा निघेल. मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, टायरचं काळं रबर, आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पिचकाऱ्या. पांढरा पट्टा मळला तरी झेब्रा म्हणून ओळखू येतो. जांभळा उडाला, केशरीवर पिचकाऱ्या बसल्या की त्या निशाणाचा मानही गेला आणि पैसाही. वर्षाला पुन्हा रंगवायची तरतूद नसेल तर पहिल्यांदा रंगवूच नये, असं माझं मत.

शहरात प्राइड मार्च, म्हणजे याच समाजाची अभिमान यात्रा, २०१६ पासून निघतो. उद्या कोणी संविधान चौकात असं क्रॉसिंग मागितलं, तर मनपाने त्यासाठी पैसे द्यायला माझी हरकत नाही. फक्त ते वाहतूक सुरक्षेच्या शीर्षाखाली घुसवू नयेत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं आहेत, रस्त्यांची देखभाल त्यात येते. कलम ६६ मध्ये ऐच्छिक. शाळेसमोरचा पुसलेला झेब्रा पहिल्या यादीतला, रंग दुसऱ्या. आधी झेब्रा मागा, तो उपकार नाही. रंगासाठी मात्र सभागृहात हात वर करून मतं घ्यावीत आणि नावानिशी नोंद राहावी, कारण तो निर्णय राजकीय आहे आणि तसं म्हणण्यात लाजण्यासारखं काही नाही.

रस्ता कोणाचा, हे मात्र सगळ्यात आधी बघावं लागतं. ऑर्लँडोत २०१६ च्या पल्स क्लबमधल्या गोळीबारात ४९ जण गेले. त्यांच्या आठवणीचं क्रॉसिंग ऑगस्ट २०२५ मध्ये फ्लोरिडाच्या वाहतूक खात्याने रातोरात पुसलं. शहराचा विरोध होता, पण रस्ता राज्याचा. आपल्याकडे मनपा, नागपूर सुधार प्रन्यास (नासुप्र), सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग प्राधिकरण असे मालक एकाच शहरात नांदतात. महामार्गावरच्या चौकात मनपाने एकमताने ठराव केला, तरी रंगाचा डबा उघडण्याआधी प्राधिकरणाचं पत्र लागेल.