प्रोबेटची सक्ती का आली, का गेली

मुलुंड चेकनाका ओलांडला की ठाणं लागतं. अगदी परवापर्यंत हा नाका मृत्युपत्रांचीही हद्द होता. एखाद्या हिंदू गृहस्थाचा फ्लॅट मुलुंडला असेल, तर त्याच्या मुलांना मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करून मृत्युपत्राचं प्रोबेट, म्हणजे ते खरं असल्याचा न्यायालयाचा शिक्का, आणावा लागे. तोच फ्लॅट नाक्यापलीकडे नौपाड्यात असेल आणि मृत्युपत्रही ठाण्यातच लिहिलेलं असेल, तर ही सक्ती नव्हती. अशिलाला हे समजावून सांगताना दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर एकच प्रश्न दिसायचा: असं का?

डिसेंबर 2025 मध्ये संसदेने भारतीय वारसा कायद्यातलं कलम 213 वगळलं आणि ही सक्ती गेली. पण त्या ‘असं का’चं उत्तर दीडशे वर्षं मागे जातं.

आपल्या धर्मशास्त्रात दाय म्हणजे वारसा आहे, विभाग म्हणजे वाटणी आहे, दान आहे, दत्तक आहे, मृत्युपत्र नाही. मिताक्षरा या जुन्या टीकाग्रंथाप्रमाणे मुलगा जन्मतःच वडिलोपार्जित मिळकतीत हिस्सेदार होतो. मग बाप मरताना कुणाला काय देणार? वाटणीपत्र आणि दानपत्र पुरेसं होतं. मृत्युपत्राची चाल कलकत्ता, मद्रास आणि मुंबईत इंग्रजी न्यायालयांच्या सावलीत रुजली. स्वतः कमावलेला पैसा, व्यापार आणि बंगले हाताशी आलेल्या लोकांना ती सोयीची वाटली. कलकत्त्याच्या प्रसन्नकुमार टागोरांनी ख्रिस्ती झालेल्या मुलाला वगळून लिहिलेलं मृत्युपत्र लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वांत वरच्या अपील न्यायालयापर्यंत गेलं. हिंदू माणूस मृत्युपत्र करू शकतो, पण हिंदू कायद्याला ठाऊक नसलेला वारसाक्रम त्याला नव्याने निर्माण करता येणार नाही, असं तिथे 1872 मध्ये ठरलं.

त्याच्या दोन वर्षं आधी हिंदू विल्स कायदा आला होता. 1 सप्टेंबर 1870 पासून मृत्युपत्र लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत, प्रोबेट हवं. पण कुठे? बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरचा मुलूख, मद्रास शहर आणि मुंबई शहर, एवढंच. बाकी देशात 1927 पर्यंत हिंदू माणसाचं तोंडी मृत्युपत्रसुद्धा चालत असे. 1925 च्या वारसा कायद्याने जुने कायदे एकत्र बांधले आणि ती 1870 ची हद्द कलम 57 व 213 मध्ये तशीच उचलून ठेवली. चेकनाक्याचं कोडं ते हेच. मुसलमानांना सक्ती कधी नव्हती, पारशी 1962 मध्ये त्यात आले, भारतीय ख्रिस्ती 2002 मध्ये बाहेर पडले. धर्म आणि पत्ता पाहून लावलेली ही अट इतकी वर्षं टिकली, याचं मला नेहमीच वाईट वाटत आलं आहे.

तरी प्रोबेट म्हणजे नुसता जाच, असं म्हणणाऱ्याने ताई महाराज प्रकरण आठवावं. पुण्याचे सरदार बाबा महाराज 7 ऑगस्ट 1897 ला पटकीने गेले. मृत्युपत्र त्याच दिवशी, अखेरच्या काही तासांत झालं. विश्वस्तांमध्ये लोकमान्य टिळक होते. टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात जामीन मिळून तेव्हा जेमतेम तीन दिवस झाले होते. पत्नी गरोदर आहे. मुलगा झाला नाही किंवा जगला नाही, तर विश्वस्तांच्या संमतीने दत्तक घ्यावा, असा मजकूर होता. मुलगा झाला आणि गेला. विश्वस्तांनी 1901 मध्ये औरंगाबादला जगन्नाथ या मुलाचं दत्तविधान केलं. बाबा महाराजांच्या विधवा पत्नी ताई महाराज यांचा कल मात्र कोल्हापूरच्या बाळा महाराजांना दत्तक घेण्याकडे वळला. पुण्यात मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नसतानाही टिळकांनी ते घेतलेलं होतं. ते रद्द करावं म्हणून अर्ज झाला आणि त्यातून टिळकांवरच खोटी साक्ष दिल्याचा खटला उभा राहिला. खालच्या कोर्टाने दिलेली शिक्षा 1904 मध्ये उच्च न्यायालयात रद्द झाली. दत्तकाचा दिवाणी वाद 1915 च्या मार्चमध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाली काढला. अखेरच्या घटकेला लिहिलेल्या एका कागदाने साडेसतरा वर्षं खाल्ली.

मृत्युपत्र लिहिणारा ते सांगायला हजर नसतो, हीच सगळी अडचण. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वेंकटाचल अय्यंगार प्रकरणात त्यावर जो नियम घातला, तो आजही प्रत्येक वकिलाच्या तोंडी असतो: संशयास्पद परिस्थिती असेल, तर ती दूर करण्याची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्यावर. थरथरती सही, खालावलेली प्रकृती, विनाकारण वगळलेली मुलं, लिहून घेण्यात पुढाकार घेणाऱ्यालाच मिळालेला मोठा वाटा. कलम 213 गेलं म्हणून हा नियम गेलेला नाही. दोन साक्षीदारांची अटही तशीच आहे. उच्च न्यायालयातला नोटिशी, कॅव्हेट म्हणजे हरकतीची नोंद आणि मग अर्जाचा दावा होणं हा फेरा आता सक्तीचा नाही, इतकंच. ज्यांना हवं त्यांना प्रोबेट आजही मागता येतं, आणि घरात कुरबुर दिसत असेल तर मी ते घ्यायलाच सांगतो.

दरम्यान वकिलीचं स्वरूपच पालटलं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम 30 ने एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देता येऊ लागला. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये मुलींना जन्मतः हिस्सा दिला. त्यामुळे ‘मुलींना लग्नात दिलंच आहे’ एवढ्यावर भागेनासं झालं. सर्वांत मोठी गफलत नॉमिनीची. सोसायटीत, बँकेत, डीमॅट खात्यात नाव लावलं म्हणजे मालकी दिली, असं भल्याभल्यांना वाटतं. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकरांच्या मृत्युपत्रावरून निघालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं, की शेअर्सचा नॉमिनीसुद्धा मालक होत नाही, खरा हक्क वारसांचा किंवा मृत्युपत्राने दिलेल्यांचा.

गोव्यात हा सगळा प्रवास वेगळ्याच वाटेने झाला. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेत मुलांचा निम्मा वाटा राखीव. मृत्युपत्राने फक्त उरलेला निम्मा देता येतो. तिथे मृत्युपत्र नोटरीसमोर होतं, त्यामुळे कागद खरा की खोटा या भांडणाला सुरुवातीलाच आळा बसतो. आपल्याकडे नोंदणी आजही ऐच्छिक आहे, स्टँप ड्युटीही नाही, तरी लोक दुय्यम निबंधकाकडे जायला टाळाटाळ करतात.

पूर्वी मृत्युपत्र माझ्याकडे यायचं ते माणूस गेल्यावर, पिवळ्या पडलेल्या पाकिटातून. आता माणूस स्वतः येतो. मागच्या महिन्यात डोंबिवलीहून एक ऐंशीच्या पुढच्या आजी आल्या. मुलगा अमेरिकेत, मुलगी बदलापूरला. मी इंग्रजी मसुदा पुढे केला, तर म्हणाल्या, “मराठीत लिहा, मला वाचता आलं पाहिजे.” पाटल्या कुणाला, देवघरातला चांदीचा तांब्या कुणाला, मुलीला घर का, हे त्यांनी कारणासकट सांगितलं. डॉक्टरांचा दाखला त्यांनी आधीच आणला होता. प्रत्येक पान चष्मा पुसून वाचलं, एक शब्द खोडायला लावला आणि मगच दोन साक्षीदारांसमोर सही केली. एक साक्षीदार त्यांच्या मजल्यावरचा तिशीतला मुलगा होता. त्यालाच का आणलं, विचारलं तर म्हणाल्या, “उद्या कोर्टात सांगायला तो तरी असेल ना.”