पाणी कुठे मारायचे नाही

३ जानेवारी २०१८ रोजी गोव्यातल्या दाबोळीच्या धावपट्टीवरून झेपावताना नौदलाचे एक मिग-२९के लढाऊ विमान घसरले आणि पेटले. शिकाऊ वैमानिक बचावला. जून २०१९ मध्ये दुसऱ्या मिगची इंधनाची सुटी टाकी उड्डाणावेळीच गळून पडली, इंधन सांडून आग लागली आणि प्रवासी विमाने खोळंबली. धावपट्टीला दृष्ट लागली, असे म्हणणारे वास्कोत आजही भेटतात. दृष्टीची काही गरज नाही. विमानाचे जेट ए-१ इंधन ३८ अंश सेल्सियसच्या पुढे पेटण्याजोगी वाफ सोडू शकते आणि एप्रिलच्या दुपारी धावपट्टी त्याहून सहज जास्त तापते. ठिणगी पडली की झाले.

आयएनएस हंसा या दाबोळीच्या नौदल तळासारख्या ठिकाणी आग विझवायला सगळे वर्दीतले सैनिकच असणार, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात नौदलात फायरमन, फायर इंजिन ड्रायव्हर ही नागरी पदेही आहेत. नौसैनिकाची काही वर्षांनी बदली होते. हे नागरी कर्मचारी बहुधा आसपासच राहतात, त्यामुळे वास्कोतल्या बायणा-सड्याच्या कुठल्या गल्लीत बंब वळणार नाही हे त्यांना नकाशा न बघता कळते. एरवी गावातली आग राज्याच्या अग्निशामक दलाची. ती मोठी असली की तळाचा बंबही मदतीला धावतो.

पण घराची आग वेगळी आणि विमानाची वेगळी. घरात लाकूड, कापड जळते. पाणी मारले की ते थंड होते आणि आग विझते. विमानाच्या आगीत पाण्याचा नुसता झोत मारला तर इंधन पाण्यावर तरंगत पुढे पसरते आणि आगही त्याच्याबरोबर सरकते. पेटलेल्या तेलाच्या कढईत पाणी ओतू नये म्हणतात, त्यातले अर्धे कारण हेच. त्यात वेळ कमी. आगीच्या झळेत विमानाचा ॲल्युमिनियमचा पत्रा मिनिटभरात वितळून भोक पडू शकते. म्हणून धावपट्टीच्या दूरच्या टोकालाही तीन मिनिटांच्या आत, शक्यतो दोन मिनिटांत पोचायचे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

आणि पोचल्यावर मारायचा तो फोम. जळते ती वाफ, द्रव नव्हे; म्हणजे वाफेवर झाकण घातले की काम झाले. फेसाचे बुडबुडे हे झाकण घालतातच, पण खरी गंमत त्यांच्यातून निथळणाऱ्या पाण्यात आहे. हे पाणी इंधनापेक्षा जड, तरी इंधनावर पातळ पापुद्र्यासारखे पसरते. कसे? हिशेब पृष्ठताणाचा, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग आकसू पाहतो त्या ओढीचा आहे. केरोसीनचा पृष्ठताण साधारण २५, साध्या पाण्याचा ७२ (एकक मिलीन्यूटन प्रतिमीटर, नाही लक्षात ठेवले तरी चालेल). पाणी आणि केरोसीन यांच्या सीमेवरचा ताण आणखी चाळीसेक. पसरायचे असेल तर २५ मधून उरलेल्या दोन्हींची बेरीज वजा करून उत्तर शून्याच्या वर यायला हवे. इथे ते उणे ऐंशीच्या पलीकडे जाते, म्हणून पाण्याचा थेंब गोळा होऊन बुडतो. पाण्यात फ्लोरिनयुक्त साबणासारखा पदार्थ मिसळला की ७२ चे १७ होतात, सीमेवरचा ताण तीन-चारवर येतो. २५ वजा २१, उत्तर चार. पाणी पसरले! बुटाने पापुद्रा फाटला तरी तो आपोआप सांधतो, हे पाहायला मला फार आवडते.

हे तंत्र अमेरिकी नौदलाने १९६० च्या दशकात विकसित केले. फेस असूनही हात चुकला तर काय होते, तेही त्यांनीच भोगले. २९ जुलै १९६७ रोजी फॉरेस्टल या विमानवाहू जहाजावर आग लागली. पहिल्याच मिनिटांत बॉम्ब फुटून तरबेज अग्निशामक मारले गेले. मागून आलेल्यांतल्या काहींनी समुद्राचे पाणी मारून इतरांनी पसरलेला फेस धुऊन टाकला. त्या आगीत १३४ जण दगावले.

पाणी नेहमीच शत्रू, असेही नाही. २०१८ च्या त्याच जानेवारीत दाबोळीच्या शेजारी चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला आणि लोकांना घरे सोडावी लागली. अमोनियाला पाण्याची भयंकर ओढ: २० अंशांना एक लिटर पाणी सुमारे ७०० लिटर वायू पोटात घेते. म्हणून ढगावर फवारा मारायचा. पण सांडलेल्या द्रव अमोनियाच्या थारोळ्यावर नाही, कारण पाण्याच्या उष्णतेने तो आणखी वेगाने उकळतो.

ध्वनीलहरींनी आग विझवणाऱ्या यंत्राचे व्हिडिओ मोबाईलवर फिरतात. मेणबत्ती विझते, खरे आहे. तापलेल्या इंजिनाखालच्या इंधनाला मात्र आवाज ना थंड करतो ना झाकतो. आवाज थांबला की ज्वाळा परत.

फेसातली ही फ्लोरिनची रसायने निसर्गात जवळपास विघटितच होत नाहीत. अमेरिकेत तळांजवळच्या विहिरींत ती सापडली. त्यांतल्या पीएफओएसवर २००९ मध्ये आणि पीएफओएवर २०१९ मध्ये, न विघटणाऱ्या घातक रसायनांविषयीच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराखाली निर्बंध आले. दाबोळीच्या पठाराचा जांभा पाणी झिरपू देतो, तेव्हा हा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा. फ्लोरिनविरहित फोम बाजारात आले आहेत, पण त्यांचा तो पापुद्रा बनत नाही, सगळी भिस्त बुडबुड्यांवर. ते इंधनात घुसळले गेले की झाकण उसवते. म्हणून झोत थेट न मारता बाजूला आपटवून हळुवार वाहू द्यावा लागतो, आणि मॉनिटर (फेसाचा झोत मारणारी मोठी तोटी) धरणाऱ्या फायरमनला हाताची सवय नव्याने बसवावी लागते.