रुग्णालयातील रुग्णबंधन (कोकण)

सलाईन किंवा लघवीची नळी उपसू नये, खाटेवरून उतरू नये म्हणून रुग्णाचे हातपाय बांधून ठेवणे म्हणजे रुग्णबंधन. त्याला लागतो फक्त रोलर बँडेज: मनगटाला दोन वेढे, खाटेच्या कठड्याला गाठ.

बांधलेला रुग्ण सुरक्षित असतो, हा समज चुकीचा आहे. सुटण्याच्या धडपडीत मनगट सोलवटते, नसांवर दाब येतो, पाठीला शय्याव्रण (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होतात. उलटी झाली तर कुशीवर वळता येत नाही आणि ती श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय बांधल्याने माणूस अधिकच बिथरतो.

असा रुग्ण बहुधा हट्टी नसतो, डेलिरियममध्ये, म्हणजे आजारपणामुळे अचानक आलेल्या भ्रमात, असतो. रक्तातले सोडियम उतरणे, लघवीतला जंतुसंसर्ग, पावसाळ्यातला लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जंतुताप), अचानक दारू सुटल्यावर दोन-तीन दिवसांत सुरू होणारे कंप आणि भास, ही कोकणातल्या डॉक्टरांच्या ओळखीची कारणे. 'माका घराक जावचा हा' म्हणत रात्रभर उठू पाहणाऱ्या आजीची कधी नुसती लघवी तुंबलेली असते. कारण शोधले की गाठीची गरज पुष्कळदा उरत नाही.

बाकीचे उपाय साधे आहेत. चष्मा, कवळी, कानातले यंत्र परत द्यावे. गरज संपलेली नळी काढावी. सुई लांब बाहीखाली झाकावी. खाट खाली करावी. सर्वांत गुणकारी म्हणजे उशाशी ओळखीचे माणूस. इथे तेच दुर्मीळ: मुलगे मुंबईला, गणपती-शिमग्याला येणारे, रात्रपाळीला मोजक्या सिस्टर. आणि सोबत आलेल्या सुनेलाही आयसीयूबाहेर बसवून आत हात बांधायचे, याला काय म्हणावे?

तमिळनाडूतील एरवाडी येथे ऑगस्ट २००१ मध्ये लागलेल्या आगीत साखळीने बांधलेले मनोरुग्ण होरपळून मेले. आज मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार साखळदंडावर पूर्ण बंदी आहे. कलम ९७ प्रमाणे तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा मार्ग नसेल तरच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, नोंद करून बांधता येते; शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी म्हणून नाही. रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय या कायद्याखाली येते. ही तरतूद मनोरुग्णांसाठी आहे. न्यूमोनियाने बरळणाऱ्या आजोबांच्या जनरल वॉर्डात सारे डॉक्टरांच्या लेखी आदेशावर आणि दर थोड्या वेळाने गाठ सोडून पाहणाऱ्या सिस्टरवर अवलंबून राहते.