पालेभाज्यांतील कॅल्शियम: कोष्टकातले आणि अंगी लागणारे

गोव्यात पालक ही बाजाराची भाजी आहे. इराणकडून आलेले हे थंड हवेचे पीक किनारपट्टीच्या पावसाला टिकत नाही, आणि म्हापसा-मडगावच्या बाजारातल्या बऱ्याचशा जुड्या बेळगावच्या बाजूने, घाट उतरून येतात. परसातल्या भाज्या निराळ्या: तांबडी भाजी, मस्कासांगेचा (शेवग्याचा) पाला, पावसाळ्यात टायकिळा (टाकळा) आणि तेरें (रानअळू). तरीही हाडांसाठी काय खावे, असे विचारले की नाव पालकाचेच पुढे येते.

भारतीय अन्नपदार्थांची पोषणमूल्ये कोष्टकात मांडण्याचे पायाभूत काम तमिळनाडूतल्या कुन्नूरच्या पोषण-प्रयोगशाळेत तिचे संचालक डॉ. आयक्रॉइड यांनी केले आणि ते १९३७ मध्ये पुस्तिकेच्या रूपाने निघाले. ही प्रयोगशाळा १९५८ मध्ये हैदराबादला हलली. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता. ही कोष्टके येथे रुळली ती १९६१ नंतर, भारतीय पाठ्यपुस्तकांबरोबर. हैदराबादच्या जुन्या कोष्टकात १०० ग्रॅम पालकात कॅल्शियम ७३ मिलिग्रॅम, तांबड्या भाजीच्या कुळातल्या कोवळ्या माठात ३९७ आणि शेवग्याच्या पाल्यात ४४० आहे. म्हणजे निव्वळ आकड्यांतही पालक मागेच होता.

त्याच कोष्टकातला ऑक्झॅलिक आम्लाचा रकाना मात्र फारसा कोणी वाचला नाही. पालकात हे आम्ल ६५८ मिलिग्रॅम, माठात ७७२, शेवग्याच्या पाल्यात अवघे १०१. ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियमला धरून कॅल्शियम ऑक्झॅलेटचे न विरघळणारे स्फटिक बनवते आणि ते कॅल्शियम आतड्यातून तसेच पुढे जाते. १९८८ मध्ये हीनी आणि वीव्हर या अमेरिकन संशोधकांनी पालक वाढवतानाच त्यात खुणेचे (शरीरात माग काढता येणारे) कॅल्शियम मुरवून तो माणसांना खाऊ घातला, तेव्हा त्यातले सुमारे ५ टक्केच शोषले गेले. दुधातले सुमारे २८ टक्के. या हिशेबात माठाचा मोठा आकडाही दिसतो तितका कामाचा राहत नाही, आणि परसातली मस्कासांग सरस ठरते.

तेऱ्यांची पाने चिरताना हाताला आणि कच्ची राहिल्यास घशाला सुटणारी खाज याच कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या स्फटिकांची. म्हणून ती आंबाडे किंवा सोले घालून भरपूर शिजवतात. भाजी उकळून पाणी फेकले तर विरघळणारे ऑक्झॅलेट कमी होते, पण आधीच स्फटिकात अडकलेले कॅल्शियम त्याने मोकळे होत नाही, हे पाककृती सांगणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

लोहाची कथा याहून विचित्र आहे. जुन्या भारतीय कोष्टकात पालकातले लोह १०.९ मिलिग्रॅम होते, सुधारित आवृत्तीत ते १.१४ वर आले. जुना आकडा मात्र भिंतीवरच्या तक्त्यांत पुष्कळ काळ राहिला.

पालकाचे खरे देणे फोलेट, म्हणजे फोलिक आम्ल हे जीवनसत्त्व. लुसी विल्स या ब्रिटिश डॉक्टरांनी मुंबईत गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे १९३१ मध्ये दाखवले. त्यामागचे फोलिक आम्ल पुढे १९४१ मध्ये टेक्सासमध्ये सुमारे चार टन पालकातून वेगळे काढण्यात आले. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते आणि उष्णतेने घटते. त्यामुळे मूतखड्याच्या रुग्णाने ऑक्झॅलेट कमी करण्यासाठी पालकाचे उकळलेले पाणी ओतून देणे योग्य असले, तरी गरोदर बाईसाठी तोच पालक थोड्या पाण्यात, झाकण ठेवून, झटपट शिजवावा लागतो.