तंबोऱ्याच्या खुंट्या आणि याकोबीची पद्धत

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत नवा तंबोरा लावताना जवळ बसून बघावं. आधी जोडाच्या दोन तारा षड्जाला मिळवायच्या, मग पंचम, मग खर्ज. पण खर्जाची जाड तार ताणली की घोडीवरचा, दांडीवरचा भार बदलतो आणि मघाशी लागलेला जोड केसभर उतरतो. पुन्हा जोड, पुन्हा पंचम. दर फेरीला बिघाड कमी होत जातो आणि शेवटी तंबोरा बोलायला लागतो.

मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांची चौकोनी मांडणी; तिच्या आयगेन व्हॅल्यू, म्हणजे तिचा स्वभाव सांगणारे मोजके आकडे, काढायची गणिती याकोबीची 1846 ची पद्धत अशीच चालते. पूल असो वा वाद्याची तबली, ती आपसूक कोणत्या वारंवारतेनं थरथरेल हे या आकड्यांवरून कळतं. ते एका सूत्रात मिळाले असते तर काय हवं होतं! पण मॅट्रिक्स जेवढ्या ओळींची, तेवढ्या घाताच्या समीकरणाची ही उत्तरं असतात; आणि पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र नाही, हे गणिती आबेलनं 1824 मध्येच सिद्ध केलं. म्हणून फेऱ्या घालाव्याच लागतात.

कर्णाच्या (वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या रेषेच्या) दोन्ही बाजूंना सारखेच आकडे असलेली छोटी मॅट्रिक्स घ्या: वरच्या ओळीत 2, 1 आणि खालच्या ओळीत 1, 2. अक्ष 45 अंशांनी फिरवले की कर्णाबाहेरचे 1 शून्य होतात आणि कर्णावर 3 आणि 1 उरतात. याच आयगेन व्हॅल्यू. मोठ्या मॅट्रिक्समध्ये एक जागा शून्य केली की आधी शून्य केलेली दुसरी बिघडू शकते. तरी कर्णाबाहेरच्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज दर वेळी घटतेच. मला या पद्धतीतलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच.

साध्या संगणकावर आयगेन व्हॅल्यू काढायची 1961 ची क्यूआर ही दुसरी पद्धत याकोबीला सहसा मागे टाकते. चिपवर मात्र चित्र पालटतं. दर वेळी अक्षांची एक जोडी फिरवायची असते. 8 बाय 8 मॅट्रिक्समध्ये अशा 28 जोड्या असतात; त्यातल्या चार एका वेळी फिरवता येतात. कबड्डीच्या साखळी सामन्यांसारखंच: आठ संघ, चार मैदानं, सात फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळून मोकळे. ब्रेंट आणि लुक यांनी 1985 मध्ये याच हिशोबानं छोट्या प्रोसेसरांची जाळी मांडली.

आता फिरवायचं कसं? साइन-कोसाइन आणि गुणाकार चिपवर महाग पडतात. जॅक व्होल्डरनं 1959 मध्ये कॉर्डिक नावाची युक्ती मांडली. ठरावीक कोनच वापरायचे, ज्यांचा टॅन 1, 1/2, 1/4, 1/8 असा निम्मा होत जातो. द्विमान पद्धतीत निम्मं करणं म्हणजे अंक एक घर उजवीकडे सरकवणं, बस्स. 30 अंश हवेत? 45 पुढे, 26.57 मागे, 14.04 पुढे, 7.13 मागे, 3.58 पुढे: झाले 28.92. खुंटी जास्त पिळली, थोडी सैल केली, परत पिळली, तसंच. या खटाटोपात लांबी सुमारे 1.647 पट वाढते, पण पायऱ्या ठरलेल्या असल्या की ही पटही ठरलेली, त्यामुळे ती एकदाच दुरुस्त केली की भागतं.

सांगली-मिरजेत इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांनी एफपीजीए बोर्डवर (आतली जोडणी हवी तशी ठरवता येणाऱ्या चिपच्या बोर्डवर) 4 बाय 4 मॅट्रिक्ससाठी हे जरूर बांधून बघावं. सहाच जोड्या, एका वेळी दोन, तीन फेऱ्यांत एक आवर्तन. प्रत्येक आवर्तनानंतर कर्णाबाहेरचे आकडे छापून घ्या आणि ते विरत जाताना बघा.