पॉलिव्हिनिल पायरोलिडोन (पीव्हीपी)

प्रसाधनांत पापुद्रा धरणारे द्रव्य म्हणून वापरण्यात येणारे कृत्रिम बहुवारिक (लहान रेणू जोडून बनलेल्या लांब साखळ्यांचा पदार्थ). औषधांत ते पोव्हिडोन या नावाने ओळखले जाते. एन-व्हिनिल पायरोलिडोन या एकवारिकाच्या (साखळीतील लहान रेणूच्या) बहुवारिकीकरणाने ते मिळते. पांढरी ते फिकट पिवळसर अशी ही पूड हवेतील ओल चटकन शोषते. ती पाण्यात विरघळते आणि एथिल अल्कोहॉलमध्येही विरघळते. केसांच्या फवाऱ्यासाठी तिची निवड झाली ती मुख्यतः या दुहेरी विद्राव्यतेमुळे: फवारा अल्कोहॉलमुळे लवकर सुकतो आणि पापुद्रा साध्या पाण्याने धुऊन निघतो. आधीच्या फवाऱ्यांतील लाखेची राळ इतकी सहज निघत नसे.

जर्मनीतील आय. जी. फार्बेन या कंपनीत वॉल्टर रेप्पे यांनी ॲसिटिलिनाच्या रसायनशास्त्रावर जे काम केले, त्यातून हे बहुवारिक 1930 च्या दशकाच्या उत्तरार्धात पुढे आले. दुसऱ्या महायुद्धात त्याचा विद्राव रक्तद्रवाला पर्याय म्हणून शिरेतून देत असत. प्रसाधनांतील वापर 1950 च्या दशकापासून वाढला.

फवाऱ्याचा थेंब केसावर पडला की केशाकर्षणाने (अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याच्या क्रियेने) तो दोन केस जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे ओढला जातो. विद्रावक उडून गेल्यावर लांब साखळ्या एकमेकींत गुंतून त्या जागी सूक्ष्म सांधा तयार होतो. केशरचना टिकते ती अशा असंख्य सांध्यांवर. दमट हवेत मात्र शोषलेले पाणी साखळ्या सैल करते, पापुद्रा चिकट होतो आणि बसवलेले केस ढळतात. म्हणून पुढे व्हिनिल ॲसिटेटाबरोबरची सहबहुवारिके (दोन एकवारिके मिळून बनलेली बहुवारिके) वापरात आली. ती ओल कमी शोषतात. साखळ्यांची लांबी के-मूल्याने सांगतात. के-30 पेक्षा के-90 चा रेणुभार कितीतरी जास्त असतो आणि त्याचा विद्रावही दाट होतो.

सुरक्षिततेचा वाद त्वचेपेक्षा फुप्फुसांभोवती अधिक रंगला. शिरेतून वारंवार दिलेल्या पीव्हीपीचे मोठे रेणू मूत्रपिंडांतून बाहेर पडत नाहीत आणि यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा यांतील पेशींत साठून राहतात, हे ठाऊक होते. 1958 मध्ये अमेरिकेत केसांचा फवारा वापरणाऱ्या रुग्णांच्या फुप्फुसांतील विकृतीचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिला ‘थिसॉरोसिस’ (संचयरोग) हे नाव मिळाले. शिरेतून दिल्यावर होणाऱ्या साठ्याचे तर्कशास्त्र असे श्वासमार्गाला लावले गेले. आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे होते की ही विकृती सार्कॉइडोसिस (फुप्फुसे व इतर अवयवांत दाहक पेशींच्या बारीक गाठी होणारा रोग) यासारख्या रोगांपासून वेगळी काढता येत नाही. शिवाय प्राण्यांना फवारा हुंगवून केलेल्या प्रयोगांत ती सहसा उद्भवली नाही. केशकर्तन व्यावसायिकांच्या पाहण्यांचे निष्कर्षही एकसारखे नाहीत. स्वतंत्र रोग म्हणून थिसॉरोसिस सिद्ध झाला नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते. तरीही कोंदट खोलीत दिवसभर फवारा मारणाऱ्याचा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही. सुमारे 10 मायक्रोमीटरपेक्षा लहान थेंब फुप्फुसांत खोलवर जाऊ शकतात. त्यामुळे नळीचे तोंड आणि थेंबांचा आकार यांना बहुवारिकाच्या निवडीइतकेच महत्त्व आहे.

अखंड त्वचेतून एवढे मोठे रेणू आत जात नाहीत. अमेरिकेतील प्रसाधन-घटक तज्ज्ञमंडळाने 1998 मध्ये प्रचलित वापरात पीव्हीपी सुरक्षित ठरवले. खरी दक्षता घ्यावी लागते ती उरलेल्या एकवारिकाची. उंदरांना ते हुंगवल्यावर नाकात व यकृतात अर्बुदे आढळली आहेत. मात्र माणसाबाबत पुरावा अपुरा असल्याने आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एकवारिक आणि बहुवारिक या दोन्हींना तिसऱ्या गटात, म्हणजे वर्गीकरण शक्य नसलेल्या पदार्थांत, ठेवले आहे. औषधी प्रतीच्या पीव्हीपीत एकवारिक दशलक्षात 10 भागांपेक्षा जास्त असू नये, अशी औषधकोशांची मर्यादा आहे. पोव्हिडोनाची तीव्र ॲलर्जी विरळ असली तरी नोंदवली गेली आहे.

युरोपीय संघाच्या 2023 च्या सूक्ष्मप्लास्टिक निर्बंधातून लिटरमागे 2 ग्रॅमपेक्षा जास्त विरघळणारी बहुवारिके वगळली आहेत. पाण्यात सहज विरघळणारे पीव्हीपी त्यामुळे त्या निर्बंधाबाहेर राहते.