मोले राष्ट्रीय उद्यान आणि तांबडी सुर्ला

गोव्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या उतारावर धारबांदोडा तालुक्यात पसरलेले संरक्षित वन. येथे १९६९ मध्ये अभयारण्य घोषित झाले आणि १९७८ मध्ये त्याच्या गाभ्यातील १०७ चौ. किमी. क्षेत्राला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला; भोवतालच्या भगवान महावीर अभयारण्यासह एकूण क्षेत्र सुमारे २४० चौ. किमी. भरते. अनमोड घाटातून बेळगावला जाणारा महामार्ग आणि कुळ्याहून कॅसलरॉककडे चढणारा लोहमार्ग याच वनातून जातात. या लोहमार्गाच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली.

बहुतेक पर्यटक कुळ्याहून जीपने दूधसागर धबधबा पाहून परततात. सुमारे ३१० मीटर उंचीचा, मांडवीच्या पाण्याचा हा धबधबा भव्य आहे खरा. परंतु जीपच्या घरघरीत वन्यजीव दिसण्याची आशा धरू नये. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी येथे कळपाने वावरतो. शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून उड्या घेताना दिसते, तर बिबट्या, खवलेमांजर आणि पिसोरी (चिमुकले हरीण) यांची गाठ पडणे हा निव्वळ योगायोग. पक्ष्यांच्या बाबतीत मात्र हे वन उदार आहे : धनेश, मलबारी कर्णा, लालकंठी पिवळा बुलबुल हा राज्यपक्षी, आणि बेडकासारखे रुंद तोंड असलेला निशाचर फ्रॉगमाउथ, जो दिवसा वाळक्या पानासारखा निश्चल बसल्यामुळे दोन हातांवर असूनही डोळ्यांना हुलकावणी देतो.

हे पक्षी पाहण्यासाठी जाणकार ज्या तांबडी सुर्ल्याच्या परिसराला पसंती देतात, तेथेच मोल्याहून १२-१३ किमी. अंतरावर, ओढ्याकाठी महादेवाचे मंदिर उभे आहे. बाराव्या-तेराव्या शतकातील हे पूर्वाभिमुख मंदिर कदंब-यादव शैलीचे गोव्यात शाबूत राहिलेले जवळजवळ एकमेव उदाहरण मानले जाते. गोव्यात घरादारांना सर्रास वापरतात तो जांभा दगड. हे मंदिर मात्र काळ्या बेसाल्टचे असून तो दगड घाटावरून आणला असावा. चिरे चुन्याविना एकमेकांत बसवलेले आहेत. मंडप, अंतराळ (मंडप व गर्भगृह यांना जोडणारी छोटी जागा) आणि गर्भगृह अशी आटोपशीर मांडणी असून मंडपाच्या छतावर कमळ कोरलेले आहे, मधोमध शिर भंगलेला नंदी आहे आणि एका खांबाच्या तळाशी घोड्याला तुडवणारा हत्ती दिसतो. शिखर अपुरेच राहिले, तरी त्यावरील ब्रह्मा, विष्णू व शिव यांच्या मूर्ती ओळखू येतात. पोर्तुगीज काळात किनाऱ्यालगतची असंख्य देवळे पाडली गेली. हे वाचले ते दुर्गमतेमुळे, म्हणजे या रानाच्या आडोशामुळे, असे सामान्यतः समजले जाते. मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे, पण ते केवळ स्मारक उरलेले नाही : महाशिवरात्रीला येथे भाविकांची रीघ लागते.

भेटीसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सोयीचा ठरतो. पावसाळ्यात ओहोळ फुगतात, जीपची वाट बंद होते आणि जळवांचा सुळसुळाट असतो. मंदिरापाशी उजाडताच पोहोचावे. नऊ-दहा वाजता सहलींच्या बसगाड्या आल्या की पक्षी आत रानात सरकतात.